मालदीवमध्ये मला ‘दत्ता’ म्हणायचे

मालदीवला देवाचा फोटो नेता येत नाही. पूजेची मूर्ती किंवा तसबीर सामानात सापडली तर कस्टमवाले काढून ठेवतात, असं एजंटनं फोनवर दोनदा बजावलं होतं. तरी आईनं नृसिंहवाडीच्या महाराजांचा खिशात मावेल एवढा फोटो माझ्या पंजाबी ड्रेसच्या घडीत सरकवलाच. निघायच्या रात्री तो मी गुपचूप देव्हाऱ्यात परत ठेवला. ही गोष्ट फेब्रुवारी 2018 ची.

मी वाडीची. आमच्या घरातल्या चार खोल्या यात्रेकरूंना दिलेल्या असतात. पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला चादरी मोजायचं काम लहानपणापासून माझ्याकडं. कृष्णा आणि पंचगंगा फुगल्या की गाद्या, उशा, तांब्या-भांडी माडीवर चढवायची, पाणी ओसरलं की गाळ काढून पुन्हा खाली आणायची. पुढं पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं, गोव्यात हाउसकीपिंगमध्ये नऊ वर्षं काढली. पण बेटावर हॉटेल चालवायला लागतं ते निम्मं शिक्षण त्या चार खोल्यांत झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

नोकरी ‘प्री-ओपनिंग’ची होती. रिसॉर्ट अजून बांधून व्हायचं असतं, तेव्हाच खातेप्रमुखांना बोलावतात. माणसं नेमायची, सामान मागवायचं, शिकवायचं, आणि ठरलेल्या तारखेला पहिला पाहुणा उतरला की जणू हे सगळं वर्षानुवर्षं असंच चाललंय असा चेहरा करायचा. माझ्याकडं हाउसकीपिंग आणि लॉन्ड्री. व्हिला बासष्ट, निम्मे वाळूवर, निम्मे पाण्यावर खांब रोवून.

माले शहरात तीन दिवस रक्ततपासणी, एक्स-रे आणि परवान्याच्या कागदांत गेले. सगळं चालत फिरता येईल एवढंच ते शहर. विमानतळ वेगळ्या बेटावर, तिथून तेव्हा बोटीनं यायला लागायचं. समुद्रात एका पुलाचे खांब उभे होते, पूल चीनच्या मदतीनं होत होता (त्याच वर्षी तो सुरूही झाला). मोठं सरकारी इस्पितळ इंदिरा गांधींच्या नावाचं, भारतानं बांधून दिलेलं. हॉटेलचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची इमारतही भारताच्या पैशातून उभी राहिलेली. आणि समोर स्टेट बँकेचा ओळखीचा निळा गोल! परक्या गावात भाचा भेटावा तसं वाटलं.

चौथ्या दिवशी सीप्लेन. सहवैमानिक अनवाणी होता. पायात काही नसलेला माणूस विमान चालवतोय हे घरी सांगितलं तर आई परत बोलावून घेईल म्हणून मी ते कळवलं नाही.

बेट केवढं, तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला बारा मिनिटं. माड, केवडा, पांढरी वाळू. आणि त्या वाळूवर सिमेंटच्या गोण्या, सळया, डिझेलची पिंपं, बांगलादेशी मजुरांच्या पत्र्याच्या चाळी. वीज डिझेलच्या जनरेटरवर, पाणी समुद्राचं खारेपण काढून. खडी आणि रेती तुतिकोरीनहून येते हे ऐकून मी हसले होते. चहूकडं वाळूच वाळू, आणि बांधकामाला वाळू भारतातून! पण बेटाची वाळू प्रवाळाची. ती उपसली तर बेटच वाहून जायचं.

गुदामावर साठी ओलांडलेला एक स्थानिक माणूस होता. त्याला सगळे ‘बेबे’ म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. पावत्या मागायला गेलं की तो आधी बसवायचा, मग गोष्ट सांगायचा. त्याची लाडकी गोष्ट अशी : साठच्या दशकात संयुक्त राष्ट्रांची तज्ज्ञ मंडळी आली आणि सांगून गेली की या देशात पर्यटन चालणार नाही. बँक नाही, धड विमानसेवा नाही, काहीच पिकत नाही. पुढं जॉर्ज कॉर्बिन नावाचा इटालियन प्रवास-व्यावसायिक आला, भुलला, आणि फेब्रुवारी 1972 मध्ये इटालियन पाहुण्यांची पहिली तुकडी घेऊन आला. त्यांना मालेतल्या घरांमध्येच उतरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुरुम्बा सुरू झालं. तीस खोल्या, भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, वर माडाच्या झापांचं छप्पर. उभं करणारी तिथलीच तरुण पोरं. ‘कुरुम्बा’ म्हणजे शहाळं. “तज्ज्ञ गेले, शहाळं राहिलं,” असं म्हणून बेबे खुर्चीत मागं रेलायचा.

बँक आली ती 1974 मध्ये, आपली स्टेट बँक. सुरुवातीच्या रिसॉर्टांना कर्जं तिनं दिली. पर्यटनाचा पहिला मोठा आराखडा डॅनिश सल्लागारांनी करून दिला, तो 1983 चा. म्हणजे पाहुणे इटलीचे, कर्ज भारताचं, आराखडा डेन्मार्कचा, पूल चीनचा, राबणारे हात बांगलादेशाचे आणि चादरी मोजायला मी. बेबेला हे म्हटलं तर तो म्हणाला, “पण बेट कोणाचं?” बेट विकायचं नाही, भाडेपट्ट्यानं द्यायचं; एका बेटावर एकच रिसॉर्ट; किती जागेवर बांधायचं याला मर्यादा. हे त्या देशानं लवकर ठरवून टाकलं. आमच्या सिंधुदुर्गाला 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं होतं. तिथली माझी एक मैत्रीण सांगते, आधी जमिनी गेल्या, मग पर्यटन येईल म्हणून वाट बघितली.

असो. नोकरीकडं येते.

पहिले तीन महिने माझं आयुष्य म्हणजे स्नॅग लिस्ट. कंत्राटदार खोली ‘तयार’ म्हणून ताब्यात देतो आणि आपण आत जाऊन खोड्या काढायच्या. दार घासतंय. नळ ठिबकतोय. एसीचं पाणी नेमकं उशीवर. जिथं दोष तिथं निळी चिकटपट्टी. पहिल्या व्हिलात मी एकशेसात पट्ट्या लावल्या, कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, मॅडम, आता भिंत दिसत नाही. एकेक व्हिला चार-चार वेळा तपासला. बार्ज, म्हणजे सामानाची सपाट बोट, यायची तेव्हा सगळं सोडून जेट्टीवर पळायचं, कारण गाद्यांवर पावसाचा एक शिडकावा म्हणजे बुरशी, आणि बदली गादी यायला दोन महिने. बार्जवरून गाद्या उतरवताना मला दर वेळी वाडीचा पूर आठवायचा. तीच घाई, तोच आरडाओरडा. फक्त इथं माडी नव्हती.

कापड तीन संच मागवतात : एक खोलीत, एक धुण्यात, एक फडताळात. कागदावर सोपं आहे. टॉवेल आले, पहिल्या आठवड्यात कर्मचाऱ्यांवर चाचणी घेतली, आणि पांढऱ्याशुभ्र टॉवेलांवर गंजासारखे नारिंगी डाग. ब्लीच टाकलं तर डाग आणखी गडद. दोन रात्री मी लॉन्ड्रीतच झोपले. शेवटी उमगलं : सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन असतं, त्याची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली की हा डाग धरतो. पाणी चांगलं होतं, लॉन्ड्रीकडं येणारा नळाचा एक जुना तुकडा गंजला होता. नळ बदलला, ब्लीच बंद केलं, गंज काढायचं ऑक्सॅलिक ॲसिड मागवलं. ज्या धंद्यात प्रत्येक पाहुणा दिवसातून चार वेळा सनस्क्रीन चोपडतो, तिथं कंपनीच्या सल्लागारांनी काम कसं करावं म्हणून दिलेल्या जाडजूड पुस्तकात यावर एक ओळ नव्हती.

ते पुस्तक हा एक वेगळाच विषय. कंपनीची हॉटेलं डोंगरातही होती, शहरातही. पुस्तक सगळ्यांना एकच. पाहुण्याचे बर्फात भिजलेले बूट कसे वाळवावेत याचं सचित्र पान त्यात होतं. विषुववृत्ताजवळच्या बेटावर, जिथं पाहुणा उतरताच त्याच्या चपला पिशवीत घालून ठेवतात! त्याच पुस्तकाबरहुकूम वाळूतले रस्ते साफ करायला पेट्रोलवर चालणारे, पाला उडवणारे पंखे आले होते. सल्लागारबाई स्वतः दाखवायला उभ्या राहिल्या. यंत्र सुरू झालं, पाला उडाला, त्याच्याबरोबर वाळूही उडाली आणि नुकत्याच पुसलेल्या काचांवर बसली. मागं उभी असलेली मुलं खोकत-हसत पांगली.

दुसऱ्या दिवशी बेबेनं शेजारच्या गावच्या बेटावरून खराटे आणवले. माडाच्या हिरांचे, अगदी आपल्याकडचेच. त्या गावांमध्ये बायका पहाटे उठून रस्ते झाडतात, वाळूवर खराट्याच्या रेघा उमटतात आणि दिवसाच्या पहिल्या पावलांपर्यंत तशाच राहतात. पाला तेवढा निघतो, वाळू जागची हलत नाही. मी यंत्रं परत खोक्यात भरली आणि अहवालात लिहिलं, ‘स्थानिक साधन अधिक योग्य’. इंग्रजीत ते फारच भारदस्त दिसत होतं.

त्या खराट्यांवरून माझ्या डोक्यात आलं की झाडणाऱ्या बायकाच का आणू नयेत?

सांगायला सोपं वाटतं. रिसॉर्टमध्ये स्थानिकांचं ठरावीक प्रमाण असावं असा सरकारचा नियम आहे. त्यामुळं मुलगे होते आमच्याकडं. बोटीवर, स्वागतकक्षात, डायव्हिंगला. मुली जवळजवळ नाहीत. कारण उघड आहे. रिसॉर्टचं बेट म्हणजे तिथंच राहायचं, परक्या पुरुषांत, जिथं दारू मिळते आणि पाहुणे अर्ध्या कपड्यांत फिरतात. आई-बाप नको म्हणतात. यात नवल काय? मी गोव्यात नोकरीला निघाले तेव्हा वाडीच्या घाटावर माझ्याबद्दल काय बोललं गेलं ते मला ठाऊक आहे.

एका शुक्रवारी, नमाजानंतर, बेबे मला दोनीतून त्या गावात घेऊन गेला. दोनी म्हणजे त्यांची होडी. आमच्या शिरोळ भागात कानडी बोलणारेही तिला दोणीच म्हणतात. दिवेही या मालदीवच्या भाषेचं हे वेड मला तोवर लागलं होतं. मासे म्हणजे मस. पाणी म्हणजे फेन. माडाचं झाप म्हणजे फन. तिने, हतरे, फहे, हये, हते... तीन, चार, पाच, सहा, सात. आपला ‘प’ तिथं ‘फ’ झालाय आणि ‘स’चा ‘ह’, एवढं कळलं की किती तरी शब्द आपणहून ओळख देतात.

ज्या घरी गेलो तिथं अंगणात झोपाळा होता, त्याला ते उंदोली म्हणतात. घरची आजी त्यावर बसलेली, बाकीचे आजूबाजूला, दारात शेजारणी. काळा गोड चहा आला आणि बरोबर मसहुनी, म्हणजे खवलेला नारळ, टूना मासा, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी, म्हणजे आपली पोळीच. मी मासे खात नाही हे बेबेनं सांगितल्यावर शांतता पसरली. मग आजी काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. बेबेनं मला सांगितलं, ती म्हणतेय, मस आम्ही खातो, हुनी हिला द्या. नुसता नारळ-कांदा-लिंबू आणि गरम पोळी. मी तीन खाल्ल्या. पुढची बोलणी सोपी झाली ती बहुधा त्या तिसऱ्या पोळीमुळं.

मागण्या स्पष्ट होत्या. रात्री मुली घरी आल्या पाहिजेत, तर सकाळी बोट, संध्याकाळी सहाला परतीची बोट. बुरुगा, म्हणजे डोक्याचा रुमाल, काढायचा नाही. बाह्या पूर्ण. नमाजाला वेळ आणि जागा. बारकडं काम नाही. पण ते तसंही तिथले लोक करत नाहीत, दारू देणारे हात आमच्यासारख्या बाहेरच्यांचेच. शेवटी आजीनं मला विचारलं, तुझे आई-वडील कुठं आहेत, आणि तू इतक्या लांब एकटी कशी? मी खरं सांगितलं : मी पहिल्यांदा नोकरीला गेले तेव्हा माझी आई दोन दिवस जेवली नव्हती. बेबेनं भाषांतर केलं. आजीनं मान हलवली आणि मला पहिल्यांदा ‘दत्ता’ अशी हाक मारून चहा आणखी हवा का विचारलं.

दत्ता! मी दचकलेच. दिवेही भाषेत थोरल्या बहिणीला ‘दत्ता’ म्हणतात, हे तोवर मला कोणी सांगितलंच नव्हतं. तसबीर कस्टमला सापडेल म्हणून मी घरी ठेवून आले होते, आणि इथं अंगणात बसून सगळं गाव मला त्याच नावानं हाका मारत होतं. रात्री आईला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “बघ. आणि तू फोटो ठेवून गेलीस.”

व्यवस्थापनाला पटवणं त्या गावापेक्षा अवघड गेलं. बोटीच्या डिझेलचा खर्च कोण करणार? गणवेश परदेशी डिझायनरनं काढलेला, अर्ध्या बाह्यांचा. त्यात बदल म्हणजे मुख्यालयाची मंजुरी. सहा आठवडे मेल चालले. मी हिशेब मांडला : प्रत्येक परदेशी कर्मचाऱ्याची राहायची खोली, जेवण, वर्षाचं विमानाचं तिकीट एका बाजूला आणि बोट दुसऱ्या बाजूला. बोट स्वस्त निघाली. संस्कृतीचा मान वगैरे मी अर्जात लिहिलं होतं, त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. आकडे पाहिले आणि हो म्हणाले. अकरा जणी आल्या. गणवेशाच्या आतून पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा घालायचं ठरलं, त्यावर डिझायनर रुसला म्हणे.

शिकवताना माझीच परीक्षा झाली. शहरातल्या हॉटेलात एकीनं दिवसाला चौदा खोल्या करायच्या असतात, इथं दोन व्हिलांमधलं अंतर सायकलवर, ऊन डोक्यावर आणि आत आलेली वाळू संपता संपत नाही. सहा झाल्या तरी खूप. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात कसा दुमडायचा हे मी दिवसभर दाखवलं, तर त्यांच्यातली एक चष्मेवाली मुलगी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पद्धतीनं, माझ्याहून कमी वेळात, तसाच कोपरा करून उभी. पुस्तकात पायऱ्या आठ. तिच्या पाच. मी पुस्तक मिटलं.

उद्घाटनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नोव्हेंबर 2018, सकाळपासून पाऊस. सीप्लेन उजेडातच उडतं. पहिले पाहुणे मालेतच अडकले. आम्ही बोडुबेरूवाले ढोल घेऊन, शहाळी सोलून, हसरे चेहरे करून जेट्टीवर उभे, आणि आलं कोण तर भाजीची बोट. बेबेनं भाजीवाल्याला शहाळं दिलं. पाहुणे दुसऱ्या दिवशी आले.

मग धंदा लागला. बिलावरचा दहा टक्के सेवाशुल्क महिनाअखेरीस सगळ्यांत वाटला जायचा. चष्मेवालीनं पहिल्या सहा महिन्यांत आजीच्या घराला नवे पत्रे घातले.

मार्च 2020 मध्ये देशानं दारं बंद केली. मे महिन्यात नौदलाचं जलाश्व जहाज भारतीयांना कोचीला न्यायला मालेत आलं, आमच्यातले चौघे त्यातून गेले. मी मागं राहिले. बासष्ट रिकामे व्हिला, गाद्या, बुरशी. दर दोन दिवसांनी आळीपाळीनं एसी लावायचे, पडदे उघडायचे. बेटाबेटांतली ये-जा थांबलेली, त्यामुळं मुली नाहीत. रोज पहाटे मी स्वतः खराट्यानं जेट्टीचा रस्ता झाडायचे. रेघा तशाच राहायच्या, दिवसभर, कारण चालणारं कोणी नव्हतं. जुलैत सीमा उघडल्या आणि ऑगस्टअखेर पहिली बोट भरून मुली आल्या तेव्हा मी जेट्टीवर रडले, हे इथं लिहायला हरकत नाही.

2021 च्या सुरुवातीला मला बोलावून सांगण्यात आलं की करार संपल्यावर वाढवला जाणार नाही. माझ्या जागी स्थानिक व्यक्ती नेमायची होती आणि नाव सुचवायचं होतं मीच. नाव अर्थात एकच होतं, चष्मेवालीचं. मीच तिला शिकवलं, मीच तिच्या मूल्यमापनात दर वेळी ‘पुढच्या पदासाठी तयार’ लिहिलं. मग राग कसला आला? आला खरा. आठवडाभर मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. बाहेरून मदतीला आलेल्या माणसाची नोकरी संपली म्हणजे त्याचं काम झालं, हे मी दुसऱ्याला झकास समजावून सांगितलं असतं. आपल्यावर आलं की घराचे हप्ते आठवतात.

ताबा द्यायला तीन दिवस लागले. किल्ल्या, रसायनांचा साठा, यंत्रांची देखभाल-वही, आणि कापडाची मोजणी. देणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव, घेणाऱ्याच्या रकान्यात तिचं. शेवटच्या संध्याकाळी मी सही करून पेन पुढं केलं. तिनं घेतलं नाही. चष्मा वर सरकवून यादीवरून पुन्हा बोट फिरवलं.

“बाथरोब दोन कमी आहेत, दत्ता.”

मी म्हटलं, असतील धुण्यात. ती म्हणाली, धुण्यातले मोजलेत. मी म्हटलं, दोनच तर आहेत, लिहून टाक. तिनं पेन टेबलावर ठेवलं आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यासाठी शिडी ओढली.

रात्री साडेनऊला आम्ही दोघी लॉन्ड्रीत शिडी धरून ते दोन बाथरोब शोधत होतो. सहाची बोट केव्हाच गेली होती.